फोनमार्फत फोन: सेल्युलर जाळ्यात रिले कसा चालतो आणि कुठे अडतो

तळघरात किंवा जाड भिंतींच्या खोलीत फोनवर रेंजची एखादी काडी दिसते, मेसेज येतातही, पण आपण पाठवलेला मेसेज मात्र जाता जात नाही. यात फोन बिघडलेला नसतो. मोठ्या टॉवरचा ट्रान्समीटर साधारण ४० वॅटचा असतो, आणि बहुतेक हँडसेटना जास्तीत जास्त ०.२ वॅट, म्हणजे २३ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबेलमध्ये मोजलेली शक्ती), एवढ्याच शक्तीने बोलायची मुभा असते. दोघांत २०० पटींचा, म्हणजेच २३ डेसिबेलचा फरक (डेसिबेल पटी मोजतात: १० म्हणजे १० पट, २० म्हणजे १०० पट). टॉवरचे उंच अँटेना आणि संवेदनशील रिसीव्हर त्यातलं बरंच भरून काढतात, पण मध्ये काँक्रीट आलं की आणखी २० डेसिबेल सहज जातात आणि फोनचा आवाज वर पोचेनासा होतो. म्हणजे अडचण बहुधा ऐकण्याची नसते, बोलण्याची असते.

त्याच इमारतीच्या दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाच्या फोनला मात्र उत्तम रेंज असते. मग आतल्या फोनने दारातल्या फोनशी बोलावं आणि दारातल्याने तो निरोप टॉवरकडे न्यावा, ही कल्पना सुचायला अवघड नाही. अशा मधल्या निरोप्याला रिले म्हणतात. माहिती सिद्धांतात (इन्फर्मेशन थिअरी) ‘रिले चॅनेल’चा प्रश्न व्हॅन डर म्यूलन यांनी १९७१ मध्ये मांडला, आणि कव्हर व एल गमाल यांनी १९७९ मध्ये त्याच्या क्षमतेचे मूलभूत सिद्धांत दिले. खिशातल्या फोनकडून हे काम करून घेणारी मानकं यायला मात्र पुढची काही दशकं लागली. निरोप पुढे देणं त्यातलं सोपं काम आहे. एकाच फोनला दोन रेडिओ दुवे एकाच वेळी, एकाच घड्याळावर आणि एकाच वेळेच्या हिशोबात सांभाळायला लावणं हे खरं अवघड काम.

रिले म्हणजे बूस्टर नव्हे

घरात लावायचा सिग्नल बूस्टर आलेली लहर जशीच्या तशी मोठी करतो, आणि तिच्यासोबत गोंगाटही मोठा करतो. मानकातला फोन-रिले तसं करत नाही. तो आलेला संदेश आधी पूर्ण उलगडतो, चूक नाही ना हे तपासतो आणि पुन्हा नव्याने रचून पाठवतो. त्यामुळे पहिल्या टप्प्यातला गोंगाट दुसऱ्या टप्प्यात जात नाही. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: उलगडून पुन्हा रचायला वेळ जातो, आणि तोच संदेश हवेत दोनदा जात असल्याने हवेतली जागा दुप्पट लागते.

मग फायदा होतो कधी? एक हिशोब करून पाहू. दाट वस्तीत अंतर दुप्पट झालं की सिग्नल सुमारे १६ पटींनी, म्हणजे १२ डेसिबेलने क्षीण होतो, असं धरू. फोन टॉवरपासून १००० मीटरवर आहे आणि रिले बरोबर मध्ये, ५०० मीटरवर. सगळ्यांची शक्ती सारखीच माना. थेट दुव्यावर सिग्नल आणि गोंगाट सारखेच असतील, म्हणजे प्रमाण १ असेल, तर शॅननच्या, म्हणजे दुव्याची कमाल क्षमता सांगणाऱ्या सूत्राप्रमाणे वाहिनीच्या रुंदीतल्या प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला १ बिट मिळतो. मध्ये रिले घातला की प्रत्येक टप्प्यावर ते प्रमाण १६ होतं आणि ४.०९ बिट मिळतात. वेळ दोन टप्प्यांत वाटला म्हणून निम्मे केले तरी २.०४ उरतात. म्हणजे वेग दुप्पट झाला.

आता थेट दुवाच चांगला आहे असं धरू, प्रमाण १००. थेट ६.६६ बिट मिळतात. रिलेने प्रत्येक टप्प्यावर प्रमाण १६०० होतं, १०.६४ बिट मिळतात, आणि निम्मे केले की ५.३२. म्हणजे रिले घालून नुकसानच झालं. प्रत्यक्षात ते याहून मोठं असतं, कारण २५६-क्वाम या दाट संकेतपद्धतीतही प्रत्येक हर्ट्झमागे साधारण ७.४ बिटांच्या पुढे जाता येत नाही, १०.६४ हा आकडा कागदावरच राहतो. चांगली रेंज असलेल्या फोनला ‘आणखी वेग’ मिळावा म्हणून रिले सुचवणारे प्रस्ताव वाचताना हा हिशोब आधी करावा.

दोन टप्पे सारखे नसतील तर? समजा फोन ते रिले हा दुवा ३० एमबीपीएसचा आहे आणि रिले ते टॉवर १० एमबीपीएसचा. दोन्ही एकाच वाहिनीवर आळीपाळीने चालले तर ३० मेगाबिट पुढे न्यायला आधी १ सेकंद आणि मग ३ सेकंद लागतात, म्हणजे एकूण वेग ७.५ एमबीपीएस. वाहिन्या वेगळ्या असल्या तर १० एमबीपीएस. दोन्ही वेळा कमकुवत टप्पाच वेग ठरवतो. या लेखात पुढे येणाऱ्या बऱ्याच बिघाडांचं मूळ याच एका गोष्टीत आहे.

मानकांचा प्रवास

मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने फोन ते फोन थेट संवाद ‘प्रोसे’ या नावाने रिलीज १२ मध्ये (रिलीज म्हणजे मानकाची आवृत्ती), २०१५ साली आणला. भर होता पोलीस, अग्निशमन आणि बचाव पथकांवर. रिलीज १३ मध्ये फोनला टॉवरशी जोडून देणारा रिले आला. रिलीज १४ पासून वाहनांसाठी थेट संवाद आणि रिलीज १६ मध्ये ५जीची ‘साइडलिंक’, म्हणजे फोन ते फोन थेट रेडिओ दुवा, आली. ५जीमधला रिले रिलीज १७ मध्ये, म्हणजे २०२२ साली पक्का झाला. रिलीज १८ मध्ये फोन ते फोन रिले आणि एकाच वेळी दोन मार्ग वापरायची सोय आली, आणि रिलीज १९ मध्ये एकाहून अधिक रिलेंच्या साखळीवर काम झालं.

दोन शब्द पुढे वारंवार येतील. फोन आणि टॉवर यांच्यातल्या दुव्याला ‘यूयू’ म्हणतात आणि फोन-फोन दुव्याला ‘पीसी-५’. ज्याला मदत हवी तो दूरचा फोन, जो मदत करतो तो रिले फोन.

पाकीट उघडायचं की नाही

रिले दोन प्रकारचे. ‘लेअर-३’ प्रकारात रिले फोन छोट्या राउटरसारखा वागतो. दूरच्या फोनला तो आयपी पत्ता देतो, त्याची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, स्वतःच्या डेटा जोडणीतून पुढे ढकलतो. टॉवरच्या लेखी दूरचा फोन जवळजवळ नसतोच. जे काही येतं ते रिलेचंच. मोबाइल हॉटस्पॉटचा अनुभव असलेल्यांना हे लगेच कळेल. रचना सोपी, पण रिले बदलला की पत्ता बदलतो आणि चालू कॉल तुटू शकतो. शिवाय पीसी-५वरचं कुलूप (एन्क्रिप्शन) रिलेपाशी उघडतं, म्हणजे आयपी पाकीट रिलेला दिसतं. ॲपचं स्वतःचं एन्क्रिप्शन असेल तर मजकूर सुरक्षित राहतो, पण कुठे जातंय हे कळतं. ते झाकायचं तर दूरच्या फोनपासून कोअर नेटवर्कपर्यंत, म्हणजे टॉवरमागच्या मुख्य जाळ्यापर्यंत, वेगळा बोगदा काढावा लागतो.

‘लेअर-२’ प्रकारात दूरचा फोन टॉवरला स्वतःच्या ओळखीने दिसतो. कुलूप लावण्याचं काम करणारा पीडीसीपी थर आणि नियंत्रणाचा आरआरसी थर हे थेट दूरचा फोन आणि टॉवर यांच्यात चालतात. रिले फक्त खालचे थर, म्हणजे पोच आणि फेरपाठवणी पाहणारा आरएलसी, जागा वाटणारा मॅक आणि रेडिओ, प्रत्येक टप्प्यापुरते चालवतो. मजकूर रिलेला वाचता येत नाही. किती आणि केव्हा, एवढंच दिसतं. अनोळखी माणसाच्या फोनमधून आपला कॉल जाणार असेल तर हाच प्रकार योग्य, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एका रिलेमागे अनेक दूरचे फोन असू शकतात आणि प्रत्येकाचे अनेक प्रवाह. कोणतं पाकीट कुणाचं हे कळावं म्हणून एसआरएपी नावाचा पातळ थर मध्ये घातला आहे. त्याचं शीर्षक अवघं २ बाइटचं: ८ बिटांत फोनचा स्थानिक क्रमांक, ५ बिटांत प्रवाहाचा क्रमांक, उरलेले ३ बिट खुणेचे आणि राखीव. स्थानिक क्रमांक टॉवर देतो. पण जोडणी मागणारा अगदी पहिला संदेश जातो तेव्हा दूरच्या फोनकडे क्रमांकच नसतो. म्हणून तो संदेश पीसी-५वर या शीर्षकाशिवाय, आधीच ठरलेल्या मांडणीच्या वाहिनीतून जातो, आणि टॉवरकडे पाठवताना रिले त्यावर क्रमांक लावतो.

जोडणी कशी होते

कोणताही फोन आपण होऊन रिले बनत नाही. नेटवर्क आधी परवानगी, सेवेचा संकेतांक आणि रेडिओची मापं फोनमध्ये भरून ठेवतं. मग उंबरठे तपासले जातात. दूरच्या फोनची टॉवरकडून येणारी सिग्नलपातळी ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेली तरच त्याने रिले शोधायचा. रिले फोनला मात्र दोन मर्यादा असतात, खालची आणि वरची. खालची कशासाठी ते उघड आहे: ज्याची स्वतःचीच रेंज लंगडी, तो दुसऱ्याला काय नेणार? वरची मर्यादा थोडी अनपेक्षित वाटते. पण टॉवरच्या अगदी पायथ्याशी असलेल्या फोनच्या आसपास मदत लागणारं सहसा कुणी नसतं. त्याने उगाच हाका मारून हवा आणि बॅटरी खर्चू नये. उदाहरणादाखल, खालची मर्यादा उणे ११० डीबीएम आणि वरची उणे ८५ ठेवली तर मधल्या पट्ट्यातलेच फोन पुढे येतील. प्रत्येक मर्यादेला काही डेसिबेलची सवलतीची पट्टी जोडतात, नाहीतर सीमेवरचा फोन दर सेकंदाला आत-बाहेर करत राहतो.

शोध दोन तऱ्हांनी होतो. एकात रिले ठरावीक वेळाने ‘मी इथे आहे’ असं जाहीर करतो. दुसऱ्यात दूरचा फोन ‘कुणी आहे का’ विचारतो आणि जवळचे रिले उत्तर देतात. पहिल्यात रिलेची बॅटरी सतत झिजते, दुसऱ्यात शोधाला थोडा वेळ लागतो. रिलेची गरज क्वचित पडते अशा ठिकाणी दुसरी तऱ्हा बरी.

निवड करताना दूरचा फोन मिळालेल्या उत्तरांची पातळी मोजतो. इथे एक खरा दोष दडलेला आहे. त्याला मोजता येतो तो फक्त पीसी-५ टप्पा. रिले ते टॉवर हा टप्पा त्याला दिसत नाही. रिले उंबरठ्यात बसतो एवढंच गृहीत धरता येतं. त्यामुळे शेजारी खणखणीत ऐकू येणारा, पण स्वतः गर्दीच्या टॉवरला कसाबसा चिकटलेला रिले निवडला जाऊ शकतो.

निवड झाली की दूरचा फोन जोडणीची विनंती पाठवतो, दोघं एकमेकांची अधिकृतता तपासून किल्ल्या ठरवतात आणि पीसी-५ दुवा उभा राहतो. त्यावरून लेअर-२ फोन टॉवरशी स्वतःची जोडणी मागतो. रिले झोपलेल्या अवस्थेत असला तर तो आधी स्वतः टॉवरशी जोडला जातो. पुढे टॉवरकडची आवश्यक माहिती आणि येणाऱ्या कॉलची हाकही रिलेच आणून देतो. त्यासाठी दूरचा फोन आपली तात्पुरती ओळख आणि हाक ऐकण्याचं चक्र त्याला कळवतो.

हवेतली जागा आणि घड्याळ

परवान्याच्या पट्ट्यात साइडलिंक अपलिंकच्या, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या दिशेच्या वाट्यातून जागा घेते. डाउनलिंकमध्ये, म्हणजे उलट दिशेत, घेतली असती तर आजूबाजूचे फोन टॉवरला ऐकत असतानाच शेजारचा फोन त्यांच्या कानात ओरडला असता. अपलिंकमध्ये ऐकणारा टॉवर असतो. त्याला त्रास होऊ नये म्हणून फोन टॉवरपर्यंतच्या क्षयाचा अंदाज घेऊन आपली शक्ती आवरतो.

जागेचं वाटप टॉवर करतो किंवा फोन स्वतः करतो. टॉवरच्या थेट आवाक्याबाहेरच्या फोनला टॉवरचा क्षणाक्षणाचा हुकूम ऐकूच येत नाही, म्हणून लेअर-२मध्ये दूरच्या फोनला स्वतःच जागा निवडावी लागते. तो मागचे ११०० किंवा १०० मिलिसेकंद हवा ऐकतो, इतरांनी राखून ठेवलेल्या जागांपैकी ज्यांचा सिग्नल उंबरठ्याच्या वर आहे त्या वगळतो आणि उरलेल्यांतून यादृच्छिकपणे निवडतो. उरलेल्या जागा ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी भरल्या तर उंबरठा ३ डेसिबेलने वाढवून पुन्हा गाळणी लावतो. हे प्रमाण अग्रक्रमानुसार २०, ३५ किंवा ५० टक्के असतं. गर्दीत याचा अर्थ एवढाच, की जवळच्या, जास्त त्रासदायक शेजाऱ्यांच्या जागाही मोकळ्या मानल्या जाऊ लागतात.

तळघरातल्या फोनला रिलेच्या पलीकडे काय चाललंय ते ऐकू येत नाही. दारापाशी तिसरा फोन त्याच जागेत बोलत असेल तर दूरचा फोन बिनधास्त तीच जागा निवडतो आणि रिलेच्या कानावर दोन्ही आवाज एकत्र आदळतात. लपलेल्या शेजाऱ्याची ही जुनी अडचण. रिलीज १७ मध्ये यावर उपाय आला: ऐकणारा फोन बोलणाऱ्याला ‘या जागा बऱ्या, त्या टाळ’ असं कळवू शकतो.

दुसरी मर्यादा रेडिओचीच. एकाच पट्ट्यात बोलत असताना फोनला ऐकता येत नाही. रिले टॉवरकडे पाठवत असताना त्याच स्लॉटमध्ये (वेळेच्या छोट्या तुकड्यात) दूरचा फोन बोलला तर तो निरोप गेला. दोन पाठवण्या एकाच क्षणी जुळल्या तर अग्रक्रमाप्रमाणे एक सोडावी लागते. त्यामुळे जागांचं वेळापत्रक मांडताना रिलेच्या अपलिंक स्लॉटना हात न लावणं हीच पहिली काळजी.

आणि घड्याळ. टॉवर ऐकूच येत नाही अशा खोल तळघरात ना टॉवरची वेळ, ना उपग्रहाची. तिथे फोन रिलेने पाठवलेल्या सिंक (वेळ जुळवण्याच्या) संकेतावर आपलं घड्याळ लावतो. ५जी साइडलिंकमध्ये हे संकेत १६० मिलिसेकंदांच्या चक्राने येतात. संकेताच्या ६७२ क्रमांकांपैकी निम्मे कव्हरेजमधल्या वेळेचे आणि निम्मे कव्हरेजबाहेरच्या वेळेचे. आसपासच्या दोन गटांनी वेगवेगळी वेळ धरली तर ते शेजारी असूनही एकमेकांना सापडत नाहीत. सिग्नल चांगला, तरी शोधात काहीच नाही, अशी तक्रार आली की आधी सिंक तपासावं.

चालता चालता काय तुटतं

रिले फोन कुणाच्या तरी खिशात आहे आणि तो माणूस चालायला लागतो. नेटवर्क यासाठी दोन्ही दुवे मोजायला सांगतं: सध्याचा रिले उंबरठ्याखाली गेला का, टॉवर थेट दिसू लागला का, दुसरा रिले बरा आहे का. थेट मार्गावरून रिलेच्या मार्गावर जायचा आदेश मिळाला की दूरचा फोन टी-४२० हा टायमर सुरू करतो. तो संपेपर्यंत नवी जोडणी झाली नाही तर बदल फसला असं धरून फोन जोडणी नव्याने मागतो. हा टायमर आखडता ठेवला आणि निवडलेला रिले झोपेत निघाला, तर त्याला जागं होऊन टॉवरशी जोडलं जाण्यातच वेळ संपतो. चाचणीत बदल कधी जमतो, कधी फसतो, असं दिसलं तर फसलेल्या वेळी रिले कोणत्या अवस्थेत होता ते नोंदीत पाहावं.

रिलेचा स्वतःचा टॉवर-दुवा तुटला, किंवा तो दुसऱ्या टॉवरकडे गेला, तर तो दूरच्या फोनला सूचना पाठवतो. ती सूचना हरवली तर दूरच्या फोनला पीसी-५ ठणठणीत दिसत राहतो आणि तो बंद गल्लीत पाकिटं टाकत राहतो.

यापेक्षा फसवा बिघाड पोचपावतीचा आहे. आरएलसीची पोच प्रत्येक टप्प्यापुरती असते. दूरच्या फोनने पाठवलं, रिलेने ‘मिळालं’ म्हटलं. पण रिलेकडून टॉवरकडे जाण्याआधीच मार्ग बदलला. खालच्या थराच्या दृष्टीने काम झालेलं, प्रत्यक्षात पाकीट रिलेच्या बफरमध्येच, म्हणजे पाठवायचा डेटा थांबतो त्या साठ्यातच, मेलं. लेअर-२मध्ये याची सोय पीडीसीपी करतो. टॉवर ‘मला कुठपर्यंत मिळालं’ याचा अहवाल देतो आणि फोन राहिलेलं पुन्हा पाठवतो. मात्र तोवर पाकीट फोनने टाकून दिलेलं नको. म्हणून टाकून देण्याचा टायमर ठरवताना दोन्ही टप्पे आणि मार्गबदलाचा वेळ धरावा लागतो. एका टप्प्यासाठी ठरवलेला आकडा तसाच ठेवला की मार्गबदलाच्या वेळी डेटा गळतो.

विलंबाचंही असंच. ५जीमध्ये आवाजी कॉलच्या पाकिटाला १०० मिलिसेकंदांची मुदत असते. रिले आला म्हणून ती वाढत नाही, दोन टप्प्यांत वाटावी लागते. समसमान वाटणी सोयीची वाटते, पण पीसी-५वर फोन स्वतः जागा निवडत असेल आणि गर्दी असेल, तर त्या टप्प्याला मोठा वाटा द्यावा. साखळीत तिसरा टप्पा आला की हीच मुदत तिघांत जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पाठवायला उरणारी संधी घटते. म्हणूनच लांब साखळ्या छोट्या मजकुराला आणि बचावकार्यातल्या निरोपांना परवडतात, व्हिडिओला नाही.

बॅटरीचा हिशोब एकतर्फी आहे. दूरच्या फोनचा फायदा होतो, कारण लांबच्या टॉवरसाठी पूर्ण ताकद लावण्याऐवजी जवळच्या रिलेशी तो हळू बोलू शकतो. रिले मात्र दुसऱ्याचं ऐकतो, उलगडतो आणि पुन्हा पाठवतो. झोपेच्या वेळा त्याला दोन दुव्यांशी जुळवाव्या लागतात. रिलीज १७ मध्ये साइडलिंकलाही ठरावीक वेळीच जागं राहायची सोय मिळाली. ही चक्रं यूयूच्या चक्राशी जुळवली नाहीत तर रिले एकासाठी उठतो, झोपतो आणि लगेच दुसऱ्यासाठी उठतो.

वेग अपेक्षेपेक्षा कमी येत असेल तर तपासायचा क्रम असा: आधी रिले ते टॉवर टप्प्याची पातळी आणि त्या टॉवरवरची गर्दी, कारण दूरच्या फोनवरून ती दिसतच नाही. मग रिलेच्या बफरमध्ये कोणत्या दिशेचा डेटा साचतोय. टॉवरकडे जाणारा साचत असेल तर यूयू अरुंद आहे. दूरच्या फोनकडे जाणारा साचत असेल तर पीसी-५. बफर रिकामा असूनही वेग कमी असेल तर पीसी-५वर पुन्हा पाठवण्याचं प्रमाण पाहावं. सिग्नल चांगला असताना ते जास्त असलं, तर रिलेच्या बाजूला लपलेला शेजारी आहे किंवा रिलेच्या अपलिंक स्लॉटशी टक्कर होतेय. दोन्हींतला फरक नोंदीतून कळतो: टक्कर रिलेच्या स्वतःच्या पाठवणीच्या स्लॉटमध्येच दिसते, शेजाऱ्याचा त्रास इतर स्लॉटमध्येही दिसतो.